जमीन बोलते ती कुणाच्या आवाजात?

सीमाभागात जमिनीचा विषय निघाला की बोलणं दोन वाटांनी जातं. एक वाट नकाशाची : १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, ८६५ गावं, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा. दुसरी वाट रानाची : तंबाखू गेली, ऊस आला, पाणी पुरेल का, बांध कुणी कोरला. सिनेमानं या जमिनीबद्दल काय सांगितलं आणि कुणाच्या तोंडून सांगितलं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. खरं तर निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यात एकाच घरात मराठी आणि कन्नड सिनेमे पाहिले जातात. तेव्हा दोन्ही भाषांच्या सिनेमांना एकमेकांसमोर बसवायला याहून योग्य जागा नाही.

खालचा संवाद मी जुळवला आहे. त्यातली मतं या पट्ट्यातल्या घरांत मी वेळोवेळी ऐकत आलो आहे. मामा निपाणीजवळचे शेतकरी. घरात पूर्वी तंबाखू होती, आता ऊस आहे. भाचीचे वडील गोकाकचे कन्नड, आई निपाणीची मराठी. भाची बंगळुरात सिनेमासाठी ध्वनिमुद्रण करते. मला या दोघांपैकी एकाची बाजू सोडून देता येत नाही, म्हणून दोघांनाही पूर्ण बोलू दिलं आहे.

मामा : तुझं काम आवाजाचं, म्हणून तुलाच विचारतो. माझा उतारा कन्नडमध्ये येतो. कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ योजनेत सगळं संगणकावर गेलं, तलाठ्यामागं फिरणं कमी झालं, हे चांगलंच झालं. पण माझ्याच सर्व्हे नंबरापुढं काय लिहिलंय ते मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. आपल्या जमिनीबद्दल आपल्याला कळेल अशा आवाजात कुणीतरी बोललं पाहिजे, असं वाटतं. मराठी सिनेमा मी त्यासाठी बघतो.

भाची : आणि तो बोलतो तुमच्या आवाजात?

मामा : माझी गोष्ट तरी सांगतो. कोल्हापूर इथून तासाभरावर. तिथं बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. ह. ना. आपट्यांची गोष्ट. सावकार खोट्या कागदांवर जमीन गिळतो, शेतकरी मुंबईला गिरणीत जातो. त्यातला तरुण शेतकरी म्हणजे व्ही. शांताराम. शंभर वर्षं झाली, पण मराठी सिनेमा त्या गोष्टीपासून हललेला नाही, कारण गोष्ट संपलेलीच नाही. ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये विदर्भातला शेतकरी पावसाची वाट बघतो आणि त्याची बायको त्याच्या जिवावर नजर ठेवून असते. ‘मुळशी पॅटर्न’मध्ये जमीन विकून बसलेला पाटील पुण्यात हमाली करतो आणि पोरगा गुन्हेगारीत जातो. मराठी सिनेमात जमीन दिसते ती हातातून जाताना. माझ्या आयुष्यातही मी तिला तशीच बघत आलोय. दर हंगामात थोडी थोडी सुटणारी.

भाची : १९३६ साली पेंटरांनी ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा केला. त्यातल्या एका दृश्याबद्दल निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी लिहून ठेवलंय. अंधारातली उदास झोपडी आणि कुत्र्याचं रडणं. ते त्यांना आठवत राहिलं. माझ्या धंद्यात मी हे नेहमी सांगते. पण बोलपटापासूनच खरी अडचणही सुरू झाली. शेतकऱ्यानं तोंड उघडलं, आता तो कुणाची बोली बोलणार? सुलोचनाबाईंचंच बघा. जन्म खडकलाटचा, इथून हाकेच्या अंतरावर. ‘मीठ भाकर’पासून पुढं त्या मराठी सिनेमाची आई झाल्या. पण पडद्यावर जे मराठी ऐकू येतं ते खडकलाटचं नाही. भालजी पेंढारकरांच्या तालमीत घडलेलं, साऱ्या महाराष्ट्राला चालेल असं आहे. त्यांच्या अभिनयाबद्दल मला काहीच कमी बोलायचं नाही. एवढंच म्हणते की या मातीचा चेहरा सिनेमानं घेतला आणि या मातीचं बोलणं इथंच राहिलं.

मामा : बोलणं घेतलं असतं तर लोक हसले असते. पुलंच्या रावसाहेबांनी बेळगावी मराठी घराघरांत नेली, ऐकणाऱ्यांनी तिच्यावर जीवही लावला. पण अजूनही कुणी तसं बोलायला लागलं की समोरचा हसायच्या तयारीत असतो. बांध फुटला, कर्ज थकलं, पोरगं घर सोडून गेलं, हे त्या बोलीत सांगायला कुणी धजलं नाही.

भाची : कन्नडमध्ये आमचीही तीच तक्रार आहे. मैसूर-बंगळुरूची कन्नड गंभीर आणि आमची गोकाक-बेळगावची कन्नड विनोदाला. पण मामा, मला अडतंय ते आणखी एका ठिकाणी. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या सिनेमांत बोलणारा माणूस मालक आहे, नाहीतर मालकी गमावलेला. ज्याच्या नावावर जमीन कधी नव्हतीच, तो कुठं बोलतो? तुम्ही ‘चोमन दुडी’ बघा. शिवराम कारंतांची १९३३ सालची कादंबरी, बी. व्ही. कारंतांनी १९७५ साली सिनेमा केला आणि त्याला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. चोमा अस्पृश्य वेठबिगार. त्याच्याकडं बैलांची जोडी आहे, अंगात ताकद आहे, आणि आयुष्यात एकच इच्छा आहे : स्वतःचा एक तुकडा कसायचा. ते त्याच्या जातीला मंजूर नाही. पोरं कर्ज फेडायला कॉफीच्या मळ्यावर जातात. एक पोरगा सगळ्यांच्या देखत बुडतो, आणि शिवायचं नाही म्हणून काठावरचे हात पुढं करत नाहीत. एम. व्ही. वासुदेव राव यांचा चोमा बोलतो कमी. दुःख झालं की भिंतीवरची दुडी, म्हणजे छोटा ढोल, काढतो आणि वाजवतो. शेवटी घराचं दार लावून घेतो, आणि बाहेर फक्त दुडी ऐकू येते, ती थांबेपर्यंत. तुमच्या शेतकऱ्याची जमीन जाते. चोमाला जमीन जाण्याइतकीसुद्धा मिळालेली नाही.

मामा : मान्य. पण आवाजानं चोमाला काय मिळालं? जमीन मिळते ती कायद्यानं, आणि कायदा कोणत्या राज्याचा यावर सगळं असतं. तेव्हाच्या मुंबई राज्यात कूळ कायद्यानं १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं मालक मानली गेली. त्याच्या पाच महिने आधी आम्ही म्हैसूर राज्यात गेलो होतो. कोगनोळीच्या पलीकडं कागलची कुळं मालक झाली. इकडच्यांना मुख्यमंत्री देवराज अर्सांच्या कायद्याची वाट बघायला लागली, म्हणजे १९७४ ची. माती तीच, पीक तेच, बोली तीच, आणि मधे सतरा वर्षं. म्हणून मी म्हणतो, आमच्यासाठी भाषा आणि जमीन वेगळी करता येत नाहीत. तू शहरात राहून म्हणतेस की आधी माणूस बघा. आमचं माणूसपणच त्या नकाशाच्या रेघेनं ठरवलं.

भाची : हे मला इतकं स्पष्ट माहीत नव्हतं. आईनंही कधी सांगितलं नाही.

मामा : आणि मी कन्नड सिनेमाच्या विरोधात नाही. राजकुमारचा ‘बंगारद मनुष्य’ बघितल्यावर मीही पेटलो होतो. शिकलेला तरुण पडीक रान हिरवं करतो, नवी शेती करतो. १९७२ चा सिनेमा. तो बघून पोरं शहर सोडून गावाकडं परतली असं कर्नाटकात अजून सांगतात. मला त्यात खोटं काही वाटत नाही. पण दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, गोकाक समितीच्या अहवालावरनं शाळांत कन्नडसाठी चळवळ उठली आणि तिच्या पुढं राजकुमारच उभे राहिले. त्यांच्या लोकांच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. आमच्या मराठी शाळांच्या अंगणातनं मात्र तोच आवाज वेगळा ऐकू आला. ज्यानं मला जमीन कसायला शिकवलं, त्यानंच माझ्या पोराच्या पाटीवरची अक्षरं बदलायला सांगितली, असं वाटलं.

भाची : तो सिनेमा मला म्हणूनच अपुरा वाटतो. त्यातल्या नायकाचं, राजीवचं, बोलणं फार स्वच्छ आहे. त्याच्या रानात घाम गाळणाऱ्या गड्यांना स्वतःचं बोलणं नाही. जमीन एका देखण्या आवाजाच्या ताब्यात गेली की तो आवाज तिला कुठंही नेऊ शकतो, शेतीकडं आणि भाषेच्या लढाईकडंही. ‘कांतारा’त मला वेगळं काही सापडलं. २०२२ चा रिषभ शेट्टींचा सिनेमा, किनारपट्टीच्या बोलीतला. राजानं गावाला जमीन दिली ती दैवाच्या शब्दावर. पुढं राजाचे वंशज ती परत मागतात, वनखातं तिच्यावर राखीव जंगलाची हद्द आखतं. तिथं शेवटचा शब्द ना मालकाचा, ना सरकारचा. भूतकोलात दैव अंगात आल्यावर जो पुकारा उठतो, त्याचा. जमीन माणसाच्या नावावर असते हे गृहीतच तिथं गळून पडतं.

मामा : तो पुकारा ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. आमच्यातही बांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा आहे. तुझ्या वडिलांकडं सीगी हुण्णिमेला, म्हणजे आश्विन पौर्णिमेला, रानाची ओटी भरतात आणि चरग, म्हणजे नैवेद्य, रानात शिंपतात. इकडं काही गावांत ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर असतो, काही गावांत आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. बैलाची शिंगं दोन्हीकडं रंगतात. तेव्हा जमीन देवाची हे मला शिकवायला नको. पण देवाची म्हटली की कसणाऱ्याचा हिशेब मागं पडतो. देव नुसती देतच नाही. ‘जोगवा’ आठव. राजन गवसांच्या कादंबऱ्यांवरचा, राजीव पाटलांचा. गवस आपल्याच गडहिंग्लज भागातले. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं पोरापोरींना सोडलं जातं. तायप्पाच्या अंगावर लुगडं चढवतात आणि त्याचं पुरुषपण काढून घेतात. त्या पोरांना देवीनं कोणती जमीन दिली? तुझ्या ‘कांतारा’त देव गावाला राखतो. ‘जोगवा’त देवाच्या नावानं गावच दुबळ्याला खातं. आणि तो ‘जोगवा’ आपल्या सीमेवरच्या बोलीत बोलला, लोक हसले नाहीत.

भाची : तेच तर! ‘जोगवा’नं दाखवून दिलं की या बोलीत यातना सांगता येते. मग जमिनीबद्दल का नाही सांगायची? ‘तिथी’ बघा. मंड्याकडच्या खेड्यातली खरी माणसं घेऊन राम रेड्डींनी केलेला. नटांना गावची कन्नड शिकवावी लागली नाही, कारण ती बोलणारेच पडद्यावर होते. एकशे एक वर्षांचा सेंच्युरी गौडा मरतो. नातवाला जमीन विकायची आहे, पण मधे त्याचा बाप गड्डप्पा उभा आहे. आणि गड्डप्पाला जमिनीत रसच नाही. मग मुलगा जिवंत बापाच्या मृत्यूचा दाखला तयार करून घेतो.

मामा : त्या गड्डप्पाचा मला राग आला, खरं सांगतो. पाच एकर रान आणि हा माणूस विड्या ओढत भटकतो, मेंढक्यांच्या मागं जातो. जमीन नको म्हणणं हे जमीन असलेल्यालाच जमतं.

भाची : पण तुमचा राग हेच दाखवतो की जमिनीकडं बघायची आणखी एक रीत आहे आणि ती तुमच्या डोळ्यांपुढं कुणी आणली नव्हती. मेंढपाळाला जमीन म्हणजे चालायची वाट. ‘ख्वाडा’त भाऊराव कऱ्हाडेंनी मेंढपाळाचंच कुटुंब मराठीत उभं केलं. ज्याचा पाय एका गावात थांबत नाही, त्याचा उतारा कुठल्या भाषेत काढणार? आणि मामा, याहून जवळचं सांगते. निपाणीवर एक सिनेमा आहे. निपाणीत चित्रित झालेला, मराठीत बोलणारा. ‘तंबाखू चाकीला ऊब आली’, १९८२. दीपा धनराज, नवरोज कॉन्ट्रॅक्टर, आभा भैया, मीरा राव यांच्या ‘युगांतर’ या गटानं केलेला. जेमतेम पंचवीस मिनिटांचा. तुम्ही बघितलाय?

मामा : ऐकून आहे. बघितला नाही.

भाची : वखारीतल्या बायकांवर आहे. तंबाखू चाळणाऱ्या, कुटणाऱ्या. बंद वखारीत भुकटी इतकी उडते की चेहरे धूसर होतात, आणि बायका नाकातोंडाला पदर बांधून चाळत असतात. मजुरी, कामाचे तास, मुकादमाची आणि मालकाची वागणूक, संघटना कशी उभी केली, हे त्या स्वतः सांगतात. त्यांच्या तोंडून काढून घेऊन शहरातल्या कुणी शुद्ध भाषेत सांगितलेलं नाही. कॅमेरा नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा. पण माझ्या कानाला त्यातली मोठी गोष्ट म्हणजे ते बोलणं. निपाणीच्या मातीबद्दल निपाणीच्या बाईनं, तिच्या नावावर एक गुंठाही नसताना केलेलं बोलणं.

मामा : (थोडं थांबून) त्या बाया मी बघितल्यात. वखार सुटली की रस्त्यानं यायच्या, तर कपड्यांना तो वास. घरी गेल्यावर लेकरू जवळ घ्यायच्या आधी त्यांना हात-तोंड धुवायला लागायचं. आमच्या रानातनं निघालेलीच तंबाखू ती. खुडा काढताना आमचे हात चिकानं काळे व्हायचे, तेव्हा वाटायचं, या पिकाचा सगळा त्रास आम्हीच काढतो. पुढं ती वखारीत गेली की आमच्या दृष्टीनं ती भाव झाली. तिच्यापुढं कुणी बसलेलं असतं, हे माहीत होतं, पण मोजलं नाही.

भाची : आणि १९८१?

मामा : त्या वर्षी आम्ही रस्त्यावर होतो. मार्चमध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या हाकेनं हजारो शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर येऊन बसले. रस्त्यावरच चुली, रस्त्यावरच भजनं. तंबाखूला व्यापारी ठरवेल तो भाव आणि देईल तेव्हा पैसे, हे मोडायचं होतं. मराठी शेतकरी, कन्नड शेतकरी असं कुणी विचारलं नाही तिथं. ६ एप्रिलला पोलिसांनी आंदोलन मोडलं. गोळीबार झाला, शेतकरी मेले. प्रा. सुभाष जोशी आमच्यातही होते आणि वखारीतल्या बायकांची संघटना बांधायलाही तेच होते. पण आमच्या आठवणीत शेतकऱ्यांचं आंदोलन मोठं होत गेलं आणि बायकांचं लहान.

भाची : सिनेमानं ते उलट केलं. त्यानं बायकांचं राखून ठेवलं. आता मघाशी विचारलंत त्याचं उत्तर देते. आवाजानं चोमाला काय मिळालं? कारंतांची कादंबरी १९३३ ची. अर्सांचा कायदा १९७४ चा. एक्केचाळीस वर्षं आधी कुणीतरी लिहिलं की कसणाऱ्याला जमीन नाकारणं हा अन्याय आहे, आणि ते त्या माणसाच्या बाजूनं लिहिलं. कायदा असाच आपोआप येत नाही. आधी कुणाचं तरी दुःख सगळ्यांना ऐकू यावं लागतं.

मामा : त्या कायद्यानंही कुळांनाच जमीन दिली. चोमा कूळ नव्हता. तो मजूर होता. त्याच्यासारख्यांच्या हातात त्यातनं फार थोडं आलं.

भाची : हो. म्हणूनच त्याचा आवाज अजून संपलेला नाही. वखारीतल्या बाईचाही नाही.

मामा : मी माझी बाजू सोडणार नाही. माझा उतारा मला वाचता आला पाहिजे, हे मागणं मी मरेपर्यंत करीन. पण एवढं तू पटवलंस की माझ्या उताऱ्यात त्या बाईचं नाव नाही, आणि तो मराठीत छापला तरी ते नसणारच. निकाल कोर्टाचा लागेल तेव्हा लागेल. तो कसाही लागला तरी या जमिनीवर कोण राबलं, हे त्यात येणार नाही. ते कुणीतरी वेगळं सांगायला पाहिजे.

भाची : मग या कामात मला मदत करा. वखारीत काम केलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्यात. हमरस्त्यावर बसलेले शेतकरीही. मला त्यांचं बोलणं त्यांच्या बोलीत टिपायचंय, मधेच कन्नडात शिरणाऱ्या मराठीत आणि मराठीत शिरणाऱ्या कन्नडात. मी एकटी गेले तर त्या माझ्याशी जपून बोलतील. तुम्ही बरोबर असलात तर बोलतील.

मामा : येतो. पण आधी तो सिनेमा गावात आण. वखारीतल्या बाया बघतील, आमच्यासारखे बघतील. मग काय सुटलं ते त्याच सांगतील, आणि तुला पुढचा सिनेमा मिळेल.

इथं मला माझं म्हणणं मांडायचं आहे. सीमाभागातल्या जमिनीवर दोन राज्यांनी, दोन भाषांनी आणि अनेक पुढाऱ्यांनी हक्क सांगितला आहे. त्यातल्या मामांच्या मागणीला मी न्याय्य मानतो : माणसाला त्याच्या जमिनीचे कागद त्याच्या भाषेत मिळायलाच हवेत. पण सिनेमाचं काम कागदाच्या पलीकडचं आहे. मराठी सिनेमानं जाणारी जमीन दाखवली, कन्नड सिनेमानं नाकारलेली आणि देवाच्या शब्दावर टिकलेली जमीन दाखवली. या दोन्ही परंपरा जिथं एकाच अंगणात येतात, तिथल्या माणसांना त्यांच्याच बोलीत जमिनीबद्दल बोलू देणारा पूर्ण लांबीचा कथापट अजून माझ्या पाहण्यात नाही. ‘तंबाखू चाकीला ऊब आली’नं त्याची सुरुवात चार दशकांपूर्वी करून ठेवली आहे. त्या बायका आणि ते शेतकरी हयात असताना पुढचं काम व्हायला हवं. कोल्हापूर, बेळगाव आणि बंगळूर इथल्या चित्रपट शिकणाऱ्या तरुणांनी ते हाती घ्यावं. परवानगी मागायला त्यांनी सरकारकडं नंतर जावं, आधी वखारीतल्या बायकांच्या दारात जावं.